शिरपूर राखीव झाल्यावरही अमरीशभाई सभागृहात कसे टिकले?

सातपुडा_पायथा:
राम राम मंडळी. मी चोपड्याचा, राज्यशास्त्राला आहे. पालिकेतून वर गेलेल्या खान्देशी पुढाऱ्यांवर टिपण करतोय. अमरीशभाई पटेल १९८५ ला धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे नगराध्यक्ष, १९९० पासून सलग चार वेळा आमदार, मधे मंत्री. २००९ ला मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. लोकसभेला धुळ्यातून २००९ आणि २०१४, दोन्हीदा पडले. तरी आमदारकी सुटली नाही. हे जमलं कसं?

अनेर_थडी:
भाऊ, उत्तर पालिकेतच आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. तिथे मत देतात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती. २००९ ला भाई धुळे-नंदुरबारमधून तिकडे गेले, २०१५ ला परत आले.

२०१९ ला त्यांनी काँग्रेस सोडून भाजप धरला, आमदारकीचा राजीनामा दिला. २०२० च्या पोटनिवडणुकीत मी नगरसेवक म्हणून मत दिलंय. तिथे मशीन नसतं. कागदाची मतपत्रिका, केंद्रावर दिलेला जांभळा पेन, आणि नावापुढे १ चा आकडा. सवयीने बरोबरची खूण केली की मत बाद! मुंबईत सरकार भाजपविरोधी महाविकास आघाडीचं होतं, तरी निकाल भाईंच्या बाजूने ३३२ विरुद्ध ९८. २०२१ ला तर बिनविरोध. पक्ष बदलून एवढी मतं पडतात ती वर्षानुवर्षं जपलेल्या माणसांमुळे. गटारीचं काम अडलं, निधी अडकला, तर नगरसेवक कोणाच्या दारी जातो हे बघा. सामान्य मतदाराला या निवडणुकीत जागाच नाही, हे मात्र मला आजही पटत नाही.

तापीकाठचा_शेतकरी:
नुसतं मतांचं गणित लिहू नका, पाण्याचंही लिहा. २००४ पासून भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांना सोबत घेऊन भाईंनी शिरपूर पॅटर्न उभा केला. नाले रुंद नि खोल केले, वर सिमेंटचे बंधारे. त्यांना दरवाजे नाहीत, सांडवा नाही. आमच्या शिवारातला नाला खोदला तेव्हा मी काठावर उभा होतो. वर पिवळी चिकणमाती, पाणी काही जिरू देईना. ती फोडून खाली वाळू लागली तेव्हा कुठे पाणी आत उतरलं. आज माझ्या विहिरीवर उन्हाळ्यात मोटर चालते. मी कोणत्याच पक्षाचा नाही, पण हे काम विसरणार नाही.

साक्रीकर:
दादा, तुमच्याकडे तापीचा गाळ आहे म्हणून ते साधलं. आमच्याकडे काळा पाषाण. तसाच नाला खोदून तेवढं पाणी मुरत नाही. पॅटर्न सगळीकडे जसाच्या तसा नेऊ नये, एवढंच म्हणणं.

सातपुडा_पायथा:
खूप आभार. मग शिरपूरची विधानसभेची जागा हातातून गेली असं म्हणायचं का?

अनेर_थडी:
मी तरी तसं म्हणणार नाही. तिथे काशीराम पावरा २००९ आणि २०१४ ला काँग्रेसकडून निवडून आले, २०१९ आणि २०२४ ला भाजपकडून. भाईंनी पक्ष कधी बदलला ते शेजारी मांडा.