मदत हवी आहे: पहिलं प्लगइन तयार आहे, किंमत किती ठेवू?

मंद्र:
आठ महिने रात्री बसून एक प्लगइन (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लिहिलं. शुक्रवारी रिलीज करायचं आहे आणि किमतीवर गाडी अडली आहे. एक मित्र म्हणतो ५ डॉलर ठेव, लोक विचार न करता घेतील. दुसरा म्हणतो ४९ च्या खाली गेलास तर कोणी गंभीरपणे बघणार नाही. वर्गणी ठेवावी का? चोरून वापरतील त्यांचं काय करायचं? विक्रीचं पान तयार आहे, फक्त आकडा टाकायचा बाकी आहे. कृपया लवकर सांगा.

पायवाट:
कशाचं प्लगइन?

रानजाई:
वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसचं असेल तर आधी त्यांच्या प्लगइन डिरेक्टरीचे नियम वाचा, मी ते न वाचता पहिला अर्ज केला होता आणि तो परत आला. कोड जीपीएल या मुक्त लायसन्सशी सुसंगत लायसन्सखाली हवा. ठरावीक दिवसांनी बंद पडणारी चाचणी आवृत्ती तिथे चालत नाही. कोडमध्ये असलेली सोय पैसे भरेपर्यंत कुलूपबंद ठेवणंही चालत नाही. म्हणून बहुतेक जण मूळ प्लगइन तिथे मोफत ठेवतात आणि पैसे देऊन घ्यायचं ॲड-ऑन स्वतःच्या साइटवरून विकतात. तुम्हीही तेच करा.

मंद्र:
वर्डप्रेस नाही हो. ऑडिओ प्लगइन आहे, लिहायचं राहिलं. निवेदनाच्या रेकॉर्डिंगमधले श्वास ओळखून तेवढेच खाली आणतं. आता किंमत सांगा.

तारषड्ज:
प्लगइन कोणत्या प्रकारात आहे, व्हीएसटी३ की मॅकचं एयू? मॅकवर आहे का? कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहिलंत?

मंद्र:
व्हीएसटी३. विंडोज आणि मॅक दोन्ही. मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये वापरतो, तिथे उत्तम चालतं. मॅकवाल्या एका मित्राला पाठवलं तर त्याला ‘फाइल खराब आहे, कचरापेटीत टाका’ असा संदेश आला. झिप नीट उतरली नसेल. पण त्याचा किमतीशी काय संबंध?

तारषड्ज:
पूर्ण संबंध आहे. झिप बहुधा ठीक आहे, तुम्ही प्लगइन साइन आणि नोटराइज केलेलं नाही, म्हणजे त्यावर तुमची डिजिटल सही आणि ॲपलने तपासल्याची खूण नाही. मॅकच्या कॅटलिना व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, इंटरनेटवरून उतरवलेलं असं सॉफ्टवेअर मॅक सहजासहजी उघडू देत नाही. त्यासाठी ॲपलचं डेव्हलपर सदस्यत्व लागतं, वर्षाला ९९ डॉलर. ५ डॉलर किंमत ठेवलीत तर वीस प्रती फक्त तेवढ्यासाठी विकाव्या लागतील, आणि त्यात विक्री करून देणाऱ्या सेवेचा वाटा धरलेलाच नाही. दुसरं म्हणजे, ॲपलच्या लॉजिक आणि गॅरेजबँड या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरना फक्त एयू लागतं. मॅकवर नुसतं व्हीएसटी३ विकलंत तर निम्मे ईमेल ‘प्लगइन दिसत नाही’ असेच येतील.

कोराकागद:
टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) क्वारंटाइन, म्हणजे उतरवलेल्या फाइलवर मॅक लावतं ती खूण, काढायची एक ओळ लिहिली की मॅकवर चालतं. मी सगळ्यांना तीच पाठवतो. ९९ डॉलर कशाला घालवायचे?

तारषड्ज:
स्वतःच्या मशीनवर चालेल. पण पैसे मोजलेल्या निवेदकाला ‘टर्मिनल उघडा आणि हे चिकटवा’ सांगायचं? तो पैसे परत मागेल, आणि त्याचं बरोबर असेल.

हिशेबवही:
आकड्यांचं बोलू. ग्राहक वेगवेगळ्या देशांत असणार. युरोपीय संघात डिजिटल वस्तूंवर ग्राहकाच्या देशाच्या दराने व्हॅट लागतो, आणि ते सगळं एकट्याने सांभाळणं अवघड आहे. म्हणून कागदोपत्री स्वतः विक्रेता होऊन कर भरणारी सेवा घ्या. अशाच पॅडल या सेवेचा जाहीर दर ५ टक्के अधिक ५० सेंट आहे. त्या हिशेबाने ५ डॉलरमधले ७५ सेंट जातात, म्हणजे १५ टक्के. २५ डॉलरमधले पावणेदोन जातात, म्हणजे ७ टक्के. तो ५० सेंटचा खिळा स्वस्त मालालाच जास्त टोचतो. आणि माझं ठाम मत, वर्गणीच ठेवा. दरवर्षी मॅक बदलतं, तुम्हाला दरवर्षी काम करावं लागतं, तर पैसेही दरवर्षी यायला हवेत.

तारषड्ज:
एका छोट्या कामाच्या प्लगइनला वर्गणी? मी कधीच घेणार नाही. रीपरच बघा की. ६० दिवस पूर्ण वापरू देतात, वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर, आणि त्यात पुढच्या मोठ्या व्हर्जनसकट अपडेट येतात. तसं एकदाच पैसे आणि मोठ्या व्हर्जनला सवलतीत अपग्रेड, एवढं पुरे.

हिशेबवही:
रीपर हे अख्खं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आहे, त्याची तुलना इथे बसत नाही.

तारषड्ज:
मग अख्ख्या सॉफ्टवेअरला जमतं ते तुम्ही छोट्या प्लगइनला का नाकारताय? चोरीबद्दलही तेच. साधी सिरियल की ठेवा. जो फुकटच वापरणार तो तुमचा ग्राहक कधीच नव्हता, आणि जाचक कुलपाचा त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो.

श्रुतिका:
मी पुस्तकांचं निवेदन करते. प्लगइन कशाला? माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घ्या, वाक्य सुरू करायच्या आधी मान किंचित वळवून श्वास घ्या. माझे निम्मे श्वास तिथेच गेले.

पायवाट:
श्रुतिकाताई, उपाय चांगला आहे, पण त्यांना विकायचं आहे. तुम्हीच सांगा ना, उरलेले श्वास काढायला किती वेळ जातो?

श्रुतिका:
अर्ध्या तासाच्या प्रकरणाला पाऊण तास. एकेक श्वास निवडून खाली आणायचा. पूर्ण काढला तर मध्ये एकदम मेलेली शांतता येते, तीही कानाला खटकते. हे काम नीट करणारं काही असेल तर २५-३० डॉलर मी पहिल्या आठवड्यातच वसूल करीन. पण ५ डॉलरचं दिसलं तर चालू प्रोजेक्टवर लावायला धजणार नाही.

मंद्र:
हे पहिलं उपयोगी उत्तर! ताई, माझं प्लगइन श्वास पूर्ण काढत नाही, किती डेसिबल खाली आणायचा ते तुम्ही ठरवता. १० मिलिसेकंद पुढचं ऐकून मग निर्णय घेतं, त्यामुळे शब्दाची सुरुवात कापली जात नाही.

पायवाट:
थांबा. पुढचं ऐकतं म्हणजे आवाज तेवढा उशिरा बाहेर येतो. तो विलंब होस्टला, म्हणजे प्लगइन ज्यात चालतं त्या सॉफ्टवेअरला, कळवला आहे का? प्लगइन लिहायची जूस ही लायब्ररी वापरत असाल तर त्यासाठी सेटलेटन्सीसॅम्पल्स हे फंक्शन आहे.

मंद्र:
कळवला आहे, ४८० सॅम्पल.

पायवाट:
४८० असा कायमचा आकडा? ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) असताना, १० मिलिसेकंद बरोबर आहे. ९६ ला तेच ४८० म्हणजे ५ मिलिसेकंद होतात. ऐकायचं अंतर मिलिसेकंदात आणि कळवायचा आकडा सॅम्पलमध्ये पक्का असेल तर ९६ ला पार्श्वसंगीतापेक्षा आवाज मागे पडेल. तो आकडा जूसच्या प्रिपेअर-टू-प्ले फंक्शनमध्ये सॅम्पल रेटवरून काढा. आणि रिलीजआधी निर्मात्याचा आणि प्लगइनचा चार-चार अक्षरी कोड तपासा, प्रत्येक पॅरामीटरचा, म्हणजे सेटिंगचा, आयडीही. ते नंतर बदलले तर लोकांचे जुने प्रोजेक्ट उघडताना प्लगइन सापडत नाही किंवा सेटिंग उडतात. किंमत उद्या बदलता येते, हे नाही.

कोराकागद:
अवांतर: जूस काढून टाका, सगळं स्वतः लिहा. मी तसंच केलं.

पायवाट:
शुक्रवारच्या आत?

मंद्र:
आत्ता ९६ वर चालवून पाहिलं. आवाज खरंच मागे पडतोय. प्लगइनचा कोडही टेम्प्लेटमधला तसाच राहिला होता. शुक्रवारी फक्त विंडोज, २५ डॉलर, एकदाच, साधी की, १४ दिवस चाचणी. मॅक नोटराइज करून, एयूसकट, नंतर. श्रुतिकाताई, तुम्ही विंडोजवर आहात का? चाचणी आवृत्ती पाठवू?

श्रुतिका:
विंडोजच, पण मी ऑडॅसिटी वापरते. तिथे चालेल का?

तारषड्ज:
३.२ पासून ऑडॅसिटी व्हीएसटी३ घेते. तुमचं व्हर्जन कोणतं?