हप्ता तोच, पण मुदत?

'व्याजदर वाढले तरी गृहकर्जाचा हप्ता तेवढाच आहे, म्हणजे झळ बसली नाही' हा मुद्दा मला पटत नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात बँका बरेचदा हप्ता न वाढवता मुदत वाढवतात, आणि खरा फटका तिथेच बसतो.

गणित करून बघा. 20 वर्षांचं कर्ज 7 टक्क्यांनी घेतलं आणि सुरुवातीलाच दर 8 झाला, तर त्याच हप्त्यात फेडायला साधारण पावणेपंचवीस वर्षं लागतात. दर 9 झाला तर तब्बल 38! रक्कम कितीही असो, वर्षं तेवढीच. कर्ज निवृत्तीच्या पलीकडे जातं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो, याची मला खरंच काळजी वाटते. दर वाढला की उरलेली मुदत बँकेकडून लेखी मागवा. झेपत असेल तर हप्ताच वाढवून घ्या.

महागाईचा दर उतरल्याचा आनंदही जपूनच करावा. दर 6 वरून 4 टक्क्यांवर आला तरी किमती वाढतच असतात, फक्त जरा सावकाश. त्यामुळे पगारवाढ मोजताना मागच्या दोन-तीन वर्षांची एकत्रित भाववाढ धरायला हवी.