आधी घर की आधी सुधारणा?

उंबरठा
काल इथे एकांनी लिहिलं, "रस्त्यावरच्या माणसाला थेट घर देणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी दारू सोडवा, कामाची सवय लावा, मग चावी द्या." तेव्हापासून डोकं तापलंय. दारू सोडायची कुठे, फुटपाथवर? जिथे सलग दोन तास झोप नाही, गोळ्या ठेवायला कोपरा नाही, तिथे? मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला हा क्रमच उलटा केला. फिनलंडने २००८ पासून निवारागृहांतल्या खाटा काढून तिथे फ्लॅट केले, भाडेकरार राहणाऱ्याच्या नावावर.

रोखठोक
ते वाक्य माझंच. फिनलंड राहू द्या. एका संस्थेच्या शब्दावर मी एका बेघर माणसाला खोली दिली होती. चार महिन्यांत त्याच्या जुन्या साथीदारांनी ताबा घेतला, तो बिचारा जिन्यात झोपायचा. करार होईपर्यंत रोज फोन करणारा संस्थेचा माणूस नंतर फोन उचलेना. दार, नळ, सगळं माझ्या खिशातून.

पारिजात
मग राग संस्थेवर काढा. चावी हातात टेकवून पसार होणं म्हणजे 'आधी घर' नव्हे. मी सहा वर्षं हे काम करतेय. एक काका घर मिळाल्यावरही दाराला पाठ लावून जमिनीवर झोपायचे, बूट उशाला. बाहेर बूट चोरीला जातात ना. पलंगावरची चादर दोन महिने मोडली नव्हती. गॅस, बिलं हे लवकर जमतं. ओळखीच्याने दार वाजवलं की "आज नको" म्हणणं, ते सगळ्यात अवघड.

रोखठोक
मग ते शिकवूनच आत पाठवा की!

पारिजात
दारच नसेल तर "आज नको" म्हणायचं कुठून?

एक_भाडेकरू
मी अशा घरात राहिलोय. माझ्याकडे येणारी कार्यकर्ती बेल न वाजवता डुप्लिकेट चावीने आत यायची, मी आंघोळीला असलो तरी. फ्रिज उघडून बघायची. याला स्वतःचं घर म्हणायचं?

पारिजात
ते चूकच. पण आमच्या एक बाई पाय मोडून दोन दिवस पडून होत्या. चावी होती म्हणून वाचल्या.

एक_भाडेकरू
म्हणून सगळ्यांच्या घरात घुसणार? तुमच्या आईकडे असं कुणी शिरलं तर चालेल?

पारिजात
आईला मध्ये आणू नका. दोन दिवस पडलेल्या माणसाला तुम्ही उचललेलं नाही, मी उचललंय.

उंबरठा
भांडू नका. न्यूयॉर्कमध्ये अटी मोजक्या होत्या: आठवड्याला एक भेट आणि उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं. भेट म्हणजे झडती नव्हे.

रोखठोक
कॅनडातल्या प्रयोगाचं का नाही सांगत? पाच शहरं, दोन हजारांवर माणसं. प्रयोगाचे शेवटचे सहा महिने पूर्णवेळ घरात राहिले थेट घर मिळालेल्यांत ६२ टक्के, नेहमीची मदत मिळालेल्यांत ३१. पण व्यसनाच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक नाही. घराने दारू सुटत नाही, हेच मी म्हणतोय.

एक_भाडेकरू
माझीही लगेच नाही सुटली. पण प्यायलेला असतानाही रात्री दार आतून लावून झोपत होतो. आणि दुप्पट लोक टिकले, हे तुम्हीच लिहिलंत.

रोखठोक
टिकले, मान्य. खोली पुन्हा देईन, पण नुकसानीची हमी संस्थेने लेखी द्यायची आणि फोन कोण उचलणार त्याचं नाव करारात हवं.

एक_भाडेकरू
आणि दुसरी चावी?

रोखठोक
माझ्याकडे, बंद पाकिटात.

एक_भाडेकरू
पाकिटावर सही राहणाऱ्याची.

पारिजात
चालेल.