वाचकांच्या मतांवरचे क्वीअर पुरस्कार: ठेवावेत की बंद करावेत?

रानजाई (धागाकर्ती):

अमेरिकेतल्या एलजीबीटीक्यू, म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स आणि इतर क्वीअर माणसांच्या, संकेतस्थळांवर वाचकांच्या मतांनी ठरणारे मनोरंजनाचे पुरस्कार बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. क्विअर्टी या संकेतस्थळाचे 'क्विअर्टीज' हे त्यातलं सध्याचं सगळ्यात ठळक नाव. ऑटोस्ट्रॅडल या संकेतस्थळाच्या टीव्ही पुरस्कारांत मुख्य निवड तिथली लेखकमंडळी करतात आणि 'चाहत्यांची पसंती' वाचकांच्या हाती असते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच क्वीअर मित्रमैत्रिणींना हे सगळं पोरकट वाटतं. 'पुरस्कार द्यायचे तर जाणकारांनी द्यावेत, मतदान कसलं घेता' हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी धागाच काढला.

मला हे पुरस्कार मोलाचे वाटतात. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकन विनोदी अभिनेत्री एलेन डीजेनेरेसने 1997 साली आपण लेस्बियन असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या मालिकेतल्या पात्रानेही तेच केलं. पुढच्याच वर्षी मालिका बंद झाली. 2002 मध्ये सारा वॉर्न यांनी 'आफ्टरएलेन' हे संकेतस्थळ सुरू केलं, ते नाव त्या घटनेवरून. टीव्हीवर दोन बायकांचं प्रेम कुठे, कसं आणि किती मिनिटं दाखवलं, याची नोंद ठेवणारं दुसरं फारसं कुणी तेव्हा नव्हतं. पुरुषांसाठीचं 'आफ्टरएल्टन' 2005 मध्ये आलं. 2006 मध्ये लोगो या एलजीबीटीक्यू वाहिनीने, म्हणजे पर्यायाने तिच्या मालक व्हायाकॉम कंपनीने, दोन्ही विकत घेतली.

2007 साली आफ्टरएलेनने वाचकांच्या मतांवर 'हॉट 100' ही यादी सुरू केली. मॅक्झिम या पुरुषांच्या मासिकाची त्याच नावाची यादी निघायची. तिथे बायका नामांकित आणि पुरुष परीक्षक. आफ्टरएलेनने तोच प्रश्न बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांना विचारला. यादी उथळ होती म्हणा हवं तर. पण 'तुम्हाला कोण आवडतं?' असं या बायकांना तोवर कुठल्या प्रसारमाध्यमाने विचारलं होतं? ज्यांची आवड एक तर रोग ठरवली गेली किंवा पुरुषांच्या करमणुकीचा विषय झाली, त्यांनी उघडपणे आवड नोंदवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. निकालाआधी मतपत्रिकाच महत्त्वाची.

तुमची मतं मांडा. विरोधातलीही.

---

कोकणकडा:

विरोधातलं मांडतो. इतिहास छान लिहिलाय, पण 2007 ची गरज आजच्या पुरस्कारांना लावता येत नाही.

वाचकांचं मतदान चाहत्यांची संख्या मोजतं, कलाकृतीचा कस मोजत नाही. रोज नव्याने मत देता येईल अशी सोय ठेवली की ज्याचे चाहते चिकाटीने रोज येतील तो जिंकणार. मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीची मालिका आणि दोन चित्रपट महोत्सवांत दाखवलेला छोटा चित्रपट एकाच मतपत्रिकेवर ठेवले, तर निकाल आधीच लागलेला असतो. तो छोटा चित्रपट मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' आपण इतकी वर्षं बघतोय. तो लोकप्रियतेचा कौल आहे हे नावातच आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही. क्वीअर संकेतस्थळं मात्र तसाच कौल 'वर्षातलं सर्वोत्तम' म्हणून छापतात, तिथे मला खटकतं.

दुसरं. चाहते ज्या जोड्यांभोवती गोळा होतात त्या बहुतेक गोऱ्या, तरुण, सडपातळ असतात. काळ्या, दलित, आशियाई, म्हाताऱ्या क्वीअर पात्रांना संख्येच्या खेळात जागा मिळत नाही. अल्पसंख्याकांच्या आत पुन्हा बहुसंख्याकांचं राज्य आणायचं असेल तर मतदान घ्यावं.

समीक्षक आहेत ना! 'गालेका' ही एलजीबीटीक्यू समीक्षकांची संस्था 2009 पासून काम करते आणि डोरियन पुरस्कार देते. माध्यमांतल्या एलजीबीटीक्यू चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या ग्लॅड या संस्थेचे माध्यम पुरस्कार 1990 पासून आहेत. तिथे निदान कुणीतरी सगळं बघून, विचार करून ठरवतं.

---

रानजाई:

कोकणकडा, वंशाचा मुद्दा पूर्ण मान्य. तो खोडायचा प्रयत्नही करणार नाही.

पण 'सगळं बघून' यावर थांबते. समीक्षकही तेच बघतात जे त्यांच्यापर्यंत पोचतं. प्रसिद्धीवर खर्च करू शकणाऱ्या कंपनीचं काम समीक्षकांपर्यंत आधी जातं. ग्लॅडचा सोहळा निधी उभारण्यासाठीही असतो आणि प्रायोजकांत बड्या कंपन्या असतात. ग्लॅडचं काम मोठं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. फक्त तिथे पैसा नाही आणि मतदानात तेवढा आहे, असं चित्र रंगवू नका.

शिवाय समीक्षकाला एखादी गोष्ट चुकीची वाटली तर तो लेख लिहितो. वाचकांना चुकीची वाटली तर काय होतं, ते 2016 मध्ये दिसलं. 'द हंड्रेड' मालिकेत 3 मार्चच्या भागात लेक्सा हे लेस्बियन पात्र मारलं, तेही तिला प्रेम मिळाल्यावर लगेच. ऑटोस्ट्रॅडलने टीव्हीवर मारल्या गेलेल्या लेस्बियन आणि बायसेक्शुअल पात्रांची यादी केली. वाचक विसरलेली नावं पाठवत गेले आणि यादी 200 च्या पुढे गेली. लेक्साच्या चाहत्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्या क्वीअर मुलांसाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टला एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवून दिली. मत द्यायला, मोजायला, नावं लक्षात ठेवायला सवयलेला वाचक होता म्हणून हे इतक्या लवकर झालं. ही सवय याच यादी-मतदानांनी लावली.

---

मुठाकाठ:

तुम्ही दोघेही 'चांगलं कोण निवडतं' यावर वाद घालताय. हे मतदान घेतं कोण आणि कशासाठी, हे कुणी बोलणार आहे का?

मी जाहिरात क्षेत्रात काम करते, म्हणून सांगते. मतदानाचं पान म्हणजे वाचकाला परत परत आणण्याची हुकमी युक्ती. नामांकित कलाकार स्वतःच्या खात्यावरून दुवा टाकतो, त्याचे लाखो चाहते येतात, पानं उघडतात, आणि तो आकडा प्रायोजकाला दाखवला जातो. यात बेकायदा काही नाही. पण याला लोकशाही म्हणू नका.

आणि इतकं करूनही ही संकेतस्थळं वाचतात का? आफ्टरएलेन 2014 मध्ये इव्हॉल्व्ह मीडिया या कंपनीकडे गेलं. सप्टेंबर 2016 मध्ये संपादक ट्रिश बेंडिक्स यांनी जाहीरपणे लिहिलं की मालक कंपनीला हे संकेतस्थळ मातांसाठीच्या आणि फॅशनच्या संकेतस्थळांइतकं फायद्याचं वाटत नाही, आणि त्यांची नोकरी संपतेय. संकेतस्थळ बंद करत नसल्याचं कंपनीने सांगितलं, पण ज्या संपादनामुळे वाचक यायचे ते तिथे संपलं. आफ्टरएल्टनचं 2013 मध्ये 'द बॅकलॉट' झालं आणि पुढे ते लोगोच्याच न्यूनाउनेक्स्ट या संकेतस्थळात विरघळलं. ग्राइंडर या गे डेटिंग अ‍ॅपने 2017 मध्ये सुरू केलेलं 'इनटू' हे संकेतस्थळ जानेवारी 2019 मध्ये बंद झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं मतं दिली त्यांना यातल्या एकाही निर्णयात मत नव्हतं.

पुरस्कारात मत, मालकीत शून्य. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

---

कोकणकडा:

मुठाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. रानजाई, याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

आणि लेक्साच्या निमित्ताने: तोच जमाव लेखकांच्या मागे हात धुऊन लागला होता. पैसे जमवले हे उत्तम, पण कथेत काय व्हावं हे संख्येने ठरवायची सवय लेखनाला घातक आहे. उद्या एखाद्या क्वीअर लेखिकेला शोकांतिका लिहायची असेल तर तिने काय करायचं?

---

सातभाई:

बरेच दिवस इथे फक्त वाचतोय, आज लिहितो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक 1990 पासून मुंबईत निघत होतं, हे मला पंचविशी ओलांडल्यावर कळलं. आमच्या गावात तो अंक येणं शक्यच नव्हतं. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा लागू केलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. वसतिगृहात सगळे त्या बातमीवर हसत होते आणि मीही त्यांच्यासोबत हसलो.

त्या काळात मी मोबाइलवर ही अमेरिकन संकेतस्थळं वाचायचो आणि मतदान आलं की मत द्यायचो. नाव द्यावं लागत नव्हतं. निम्म्या मालिका मी पाहिलेल्या नसायच्या, कोकणकडा, तुमचा मुद्दा बरोबर आहे. तरीही द्यायचो. कारण प्रतिक्रिया लिहायची हिंमत नव्हती, इंग्रजीही बेताचं. मोर्चा पुण्यामुंबईत. समलिंगी म्हणून मला तेव्हा करता येण्यासारखी कृती तेवढी एकच होती.

जाहिरातदारांनी त्या क्लिकचे पैसे केले असतील. करू देत. मला जे मिळालं ते त्यांच्या हिशेबात कुठे नव्हतं. सप्टेंबर 2018 मध्ये कायदा बदलला, आज मी इथे निदान टोपणनावाने लिहितोय. त्याआधीच्या वर्षांत मी कुठे होतो असं विचारलंत, तर त्या मतांच्या आकड्यात होतो.

---

मुठाकाठ:

सातभाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मालकीचा मुद्दा मी सोडत नाही, पण 'मतदान म्हणजे युक्ती' हे वाक्य आता मी तसंच लिहिणार नाही.

---

निळावंती:

ट्रान्स स्त्री म्हणून लिहितेय.

'वाचकांनी ठरवलं' असं म्हणताना वाचक कोण, हे आधी ठरलेलं असतं. आफ्टरएलेनचंच बघा. 2016 नंतर नव्या संपादनाखाली ते ट्रान्स स्त्रियांच्या विरोधात लिहू लागलं. डिसेंबर 2018 मध्ये दिवा, कर्व्ह, ऑटोस्ट्रॅडल आणि इतर लेस्बियन प्रकाशनांनी एकत्र निवेदन काढलं: आमच्या नावाने हे करू नका. समजा त्या वेळी आफ्टरएलेनवर मतदान झालं असतं. आम्ही आणि आमच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बायका तिथून केव्हाच उठून गेलो होतो. उरलेल्यांचा कौल 'लेस्बियन वाचकांचा कौल' म्हणून छापला गेला असता. मला मतदानाची धास्ती वाटते ती इथे.

पण परीक्षक मंडळाकडेही मी आशेने बघत नाही. अभिनयाच्या पुरस्कारांत स्त्री-पुरुष हे कप्पे मोडण्याचं काम कुणी केलं? 2017 मध्ये एमटीव्हीच्या चित्रपट आणि टीव्ही पुरस्कारांनी, जे प्रेक्षकांच्या मतांवर चालायचे. तो पहिला पुरस्कार एमा वॉटसनला मिळाला आणि तो द्यायला नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा पुरुष न मानणारे) कलाकार एशिया केट डिलन मंचावर होते. ऑस्कर देणाऱ्या जाणकारांच्या अकादमीने अजून ते कप्पे ठेवलेत. म्हणून मतदान बंद करा याला माझा विरोध आहे. फक्त नामांकनं ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यात ट्रान्स माणसं असायला हवीत, तीही एकटीदुकटी नकोत.

---

रानजाई:

निळावंती, तुमचा मुद्दा धाग्यातच यायला हवा होता. नामांकन कोण करतं यावर मी लिहिलंच नाही आणि सगळी किल्ली तिथेच आहे. लेखकमंडळींनी नामांकनं आणि मुख्य निवड करायची, वाचकांनी ठरावीक विभागांत मत द्यायचं, ही ऑटोस्ट्रॅडलसारखी विभागणी मला पटते. छोट्या चित्रपटाला मतपत्रिकेवर जागा मिळते आणि वाचकही बाहेर राहत नाही. मात्र एकाला एकच मत हवं, रोजचं नको. आणि कुणाला किती मतं पडली ते आकडे छापावेत.

मुठाकाठ, मालकीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ऑटोस्ट्रॅडल अनेक वर्षं वाचकांच्या वर्गणीवर तगलं, तरी 2024 मध्ये ते एका कंपनीकडे गेलंच. पण यातून मी उलटा निष्कर्ष काढते. मालक बदलणारच असतील, तर वाचकांनी काय निवडलं होतं याची नोंद जपण्याची सोय आधी व्हावी. जुनी पानं गायब होतात, आणि 2008 च्या क्वीअर प्रेक्षकाला काय आवडत होतं हे शोधायला गेलं तर दुसरीकडे कुठे सापडणार? टीआरपी मोजणाऱ्यांनी तेव्हा आम्हाला वेगळं मोजलेलं नव्हतं.

---

कोकणकडा:

एकाला एक मत, आकडे जाहीर, नामांकनं मिश्र मंडळाकडे. एवढं केलंत तर माझा अर्धा विरोध गळतो. 'सर्वोत्तम' या शिक्क्याला मात्र विरोध कायम. 'वाचकांची पसंती' म्हणा, मीही मत देईन.

लेखिकेच्या शोकांतिकेचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. वाट बघतोय.

---

सातभाई:

मी देतो. तिने लिहावी. तिला मतं कमी पडतील. नामांकन करणाऱ्यांना ती चांगली वाटली तर ते तिला मतपत्रिकेवर आणतील आणि माझ्यासारखा कुणीतरी ते नाव तिथे पहिल्यांदा वाचून चित्रपट शोधायला जाईल. मी असे बरेच शोधलेत.