गोळीपेक्षा टेझर बरा, पण कशासाठी?

पोलिसांच्या टेझरवर (विजेचा झटका देणारं हत्यार) चाललेल्या या चर्चेत 'गोळी घालण्यापेक्षा टेझर बरा' असं एकाने म्हटलंय. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्याबाबत मलाही मान्य. पण ट्रॅफिकसाठी अडवल्यावर तो कसा वापरला जातो बघा. अमेरिकेतलं सिएटल, २००४. सात महिन्यांची गरोदर बाई मुलाला शाळेत सोडायला निघालेली. वेग जास्त म्हणून थांबवलं, तिने तिकिटावर (दंडाच्या पावतीवर) सही करायला नकार दिला आणि गाडीतून उतरेना. गरोदर आहे हे कळल्यावर पोटाला नको, मांडीला लावू, असं पोलिसांचं आपसात बोलणं झालं. मग मांडी, दंड, मान. मिनिटभराच्या आत तीन झटके! एका सहीसाठी हे? मला तरी कुठल्याच बाजूने पटत नाही.

आणि इथे कुणी न लिहिलेला मुद्दा: लांबून टेझरच्या तारा मारल्या की स्नायू आखडून माणूस कोसळतो. अंगाला टेकवून दिलेल्या झटक्याने तसं होत नाही, नुसती वेदना होते. तिला दिले ते असेच टेकवून, म्हणजे दुखवून ऐकायला लावणं. २०११ मध्ये अपील कोर्टाने हा बळाचा अतिरेकच ठरवला. तरीही घटनेच्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून घटनात्मक हक्कांच्या दाव्यातून पोलिसांना संरक्षण मिळालं.