प्रेक्षक दचकतात, पण गलबलत नाहीत : झपाटलेल्या घराच्या चित्रपटाविषयी एक प्रश्न

माळवदी (सोलापूर)
आमच्या गटाने शहरातल्या एका जुन्या माळवदाच्या घरात पंचवीस मिनिटांचा लघुपट चित्रित केला. दीर्घ आजारात गेलेले सासरे, त्यांचे सगळे करणारी सून आणि आता रिकामे झालेले घर, एवढीच गोष्ट आहे. कपाटाचे दार आपटताच प्रेक्षक दचकले आणि पुढच्याच क्षणी हसले. शेवटच्या दृश्याने तर कोणालाच काही वाटले नाही. मनाच्या तळाशी जाणारा असा चित्रपट घाबरवतो आणि त्याच वेळी कालवाकालवही करतो, ते नेमके कशाच्या बळावर? आवाज, प्रकाश, की भूत न दाखवणे?

उत्तरपेठ
भूत न दाखवल्याने फार तर कुतूहल टिकते. रॉबर्ट वाइज यांच्या १९६३ सालच्या 'द हॉन्टिंग'मध्ये भूत एकदाही दिसत नाही, परंतु त्या चित्रपटाचे खरे बळ दुसरीकडे आहे. नायिकेने आजारी आईची वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेली असते. आई भिंतीवर ठोठावून तिला बोलावत असे, आणि आई गेली त्या रात्री तिने त्या हाकेला ओ दिलेली नसते. पुढे त्या परक्या वाड्यात मध्यरात्री भिंतीवर ठोके पडू लागतात, तेव्हा ती अर्धवट झोपेत आईलाच 'आले, आले' म्हणते. ठोक्याने आपण घाबरतो आणि त्या उत्तराने आपला जीव तुटतो. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. तुमच्या कपाटाच्या दाराचा सासऱ्यांशी काय संबंध आहे? तो नसेल, तर ते दार कोणत्याही घरातले आहे.

कवडसा
वरील मताशी सहमत आहे, तरी घराकडेही पाहावे. याच चित्रपटासाठी वाइज यांनी पॅनाव्हिजन कंपनीचे, अजून पूर्णपणे तयार न झालेले ३० मिलिमीटरचे भिंग वापरले होते. त्याने कडेच्या रेषा वाकतात, त्यामुळे भिंतींना हात न लावताही त्या जवळ आल्यासारख्या वाटतात. २००१ सालच्या 'द अदर्स'मध्ये मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून आई पडदे ओढून घेते आणि मागचे दार कुलूपबंद केल्याशिवाय पुढचे उघडू देत नाही. नियम मायेपोटी केलेला आहे आणि त्यानेच घराचा तुरुंग झाला आहे. (शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा आनंद जाईल.) आणि एक विनंती : रात्र आणि विजांचा कडकडाट सोडून द्या. सोलापूरच्या मे महिन्यातली दुपार, जाड भिंती, झरोक्यातून उतरलेला एकच कवडसा आणि बाहेर चिटपाखरूही नाही. भर बाराच्या वेळेचे भय आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेले आहे.

पूर्वभागकर
मला अपराधभावाची अट मान्य नाही. सवयही पुरेशी असते. आमच्या घरात पुढच्या खोलीत यंत्रमाग होते आणि त्यांच्या खडखडाटातच आम्ही झोपत असू. आवाज थांबला म्हणजे सूत तुटले, असे कानांना वळण पडलेले होते. वडील गेले आणि माग भंगारात निघाले, त्यानंतर कितीतरी रात्री आई त्या शांततेनेच दचकून उठे, रिकाम्या खोलीत जाऊन दिवा लावी आणि माग होते त्या जागी वाकून पाही. दारातून ते पाहताना मला भीती वाटत असे, पण तिला हाक मारण्याचे धैर्य मात्र कधी झाले नाही. तुमच्या चित्रपटात एखादी थांबलेली गोष्ट आहे का?

माळवदी
आहे, आणि लांबी कमी करण्याच्या नादात आम्हीच ती कापली. पाणी हवे असले की सासरे पितळी भांडे वाजवत, आणि एका दुपारी सुनेने ते ऐकूनही कूस बदलली होती. दार काढून आता भांड्याचा आवाज घेतो. शेवटी ती रिकाम्या खाटेपाशी पाणी नेऊन ठेवते आणि थोड्या वेळाने भांडे रिकामे दिसते, असे केले तर?

उत्तरपेठ
रिकामे दाखवू नका. पाणी संपलेले दिसले की भूत खरे ठरते, आणि मग प्रेक्षक भुताचा विचार करत घरी जातात. भांडे भरलेलेच राहू द्या. संध्याकाळी ती ते तुळशीला घालते की रात्रभर उशाशी तसेच ठेवते, एवढे मात्र चित्रीकरणापूर्वी ठरवा.