मुलं बसली की ट्रेलर मागून ढुशा देतो, काय चुकतंय?

टिंगटिंग: दोन मुलांचा ट्रेलर, सायकल थ्रू-एक्सलची (चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसणारी सळई). रिकामा असताना गुमान मागे येतो. दीड आणि चार वर्षांची मुलं बसवून मागच्या खणात सामान भरलं की ढुशा सुरू. हिच (ट्रेलर सायकलला जोडणारा भाग) मूळ एक्सलच्या डोक्याखालीच अडकवलाय. वेगळा एक्सल लागतोच का? शिवाय हेल्मेटमुळे धाकट्याची मान पुढे झुकते.

आरेकरी: लागतोच. हिचची पट्टी 5 मिमी जाड आणि आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी धरला, तर तीनहून जास्त आटे पकडीतून गेले. हाताला घट्ट लागतं, पण सगळा भार उरलेल्या आट्यांवर. ट्रेलरसाठीचा लांब एक्सल घ्या आणि लांबी, व्यास, पिच तिन्ही जुळवा. 12 मिमी व्यासात 1.0, 1.5 आणि 1.75 असे पिच येतात; जुन्या एक्सलवर बहुधा कोरलेला असतो. नवा बोटांनी फिरवत आत गेला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडकला तर पाना लावू नका, समोरचे आटे खराब होतील. हिच डाव्या बाजूलाच, कारण उजवीकडे डिरेलर (गिअर बदलणारा भाग). डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना तेही पाहा. सुरक्षा पट्टा फ्रेमच्या नळीभोवती घेऊन अडकवा. हिचची पिन निसटली तर ट्रेलर धरून ठेवणारा तोच.

मागचं_चाक: ढुशी पायाच्या प्रत्येक दाबाला येते की खड्ड्यात? दाबाला येत असेल तर हिचमध्ये खेळ आहे: मागचा ब्रेक आवळून ट्रेलरचा दांडा पुढेमागे हलवा, टकटक जाणवेल. झिजलेली पिन किंवा रबर बदला. हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले तरी बराच फरक पडतो.

खड्ड्यात खडखडत असेल तर माझा संशय सामानावर. मुलं बसलेली असताना, कुणीतरी ट्रेलर धरून ठेवलेला असताना, हिच सोडून दांडा हातात घ्या. थोडा भार खाली जाणवायला हवा. दांडा आपोआप वर उचलला जात असेल, तर चाकांच्या मागे वजन जास्त झालंय. जड वस्तू मुलांच्या पायांपाशी, बांधून ठेवा. मुलं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते ट्रेलरच्या स्टिकरवर असतं.

टिंगटिंग: दांडा खरंच वर येतोय! मानेसाठी पाठीमागे उशी लावू?

आरेकरी: डोक्यामागे नको, मान आणखी पुढे जाईल. हेल्मेटचा मागचा फुगवटा मावायला तिथे पोकळी लागते. पातळ घडी पाठीला, खांद्यांच्या खाली. हेल्मेट मागून सपाट असलेलं घ्या. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे. उलट केलं की मूल खाली घसरतं आणि पोक काढून बसतं.

मागचं_चाक: एक राहिलं. वळताना ट्रेलर सायकलपेक्षा आतून येतो. आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि वेग असला की उलटतो. वळण मोठं घ्या, वेग चालण्याच्या जरा वर. आधी 15 किलोचं पोतं बांधून सराव करा, ते रडत नाही.